तारेची पोत

सुनंदाबाई नाल्यात मेलेली सापडली. हा निरोप चोपड्याच्या पोलीस ठाण्यात पोचला तेव्हा फौजदार अभिमन सोनवणे एक तुटलेली पोत हातात घेऊन बसले होते.

पोत त्यांच्या बायकोची. इंदिराबाई दिवाळीआधी धुळ्याच्या दवाखान्यात वारली. जाण्यापूर्वी म्हणाली होती, "पिंपळदऱ्याच्या सुनंदाबाईकडून तारेत ओवून घ्या, मग लेकीच्या गळ्यात घाला." फौजदार आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले. आता सुनंदाबाईच गेली. त्यांनी पोत खिशात टाकली आणि जीप काढायला सांगितली.

१९८८चा जानेवारी होता. पिंपळदऱ्यापलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याला मोठा माळ आहे. दर हिवाळ्यात तिथे लष्कराची हेलिकॉप्टरं यायची आणि रणगाड्यांच्या जुन्या सांगाड्यांवर क्षेपणास्त्रांचा सराव करायची. क्षेपणास्त्र सुटलं की त्याच्यामागे केसासारखी बारीक पोलादी तार उलगडत जायची. त्या तारेतूनच हेलिकॉप्टरमधला नेमबाज त्याला वळवायचा. काम झालं की तार माळावर पडून राहायची. सराव संपून धोक्याचा लाल बावटा उतरला की गाव ती गोळा करायला धावायचं. त्या तारेत सुनंदाबाईने ओवलेली पोत जन्मभर तुटत नाही, असं बाया सांगायच्या.

प्रेत नाल्यात खडकाशी पडलं होतं. डोक्याला मागून मार. उजव्या तळहाताला तार गुंडाळलेली.

"बावटा उतरायच्या आधीच घुसली बिचारी," पोलीस पाटील चुडामण आबा म्हणाले. "सरावाच्या क्षेपणास्त्रात दारू नसते म्हणा. पण एवढं लोखंड अंगावर आलं तर माणूस राहतो का?"

लष्कराचे कॅप्टन भार्गव बाजूला उभे होते. "माझा नेमबाज शपथेवर सांगतो, नाल्याच्या बाजूला एकही गेलं नाही. तुम्ही अपघात लिहिलात तर त्याचा जन्म वाया जाईल."

फौजदार खाली बसले. त्यांनी तार हळूच सोडवली. तार चकचकीत होती. त्यांनी बोट नाकाशी नेलं. खोबरेलाचा वास आला. मग त्यांनी तळहात उलटून पाहिला. राबलेला हात होता, पण त्यावर एक ओरखडा नव्हता.

"आबा, तार गोळा करताना हाताला काय बांधता?"

"फडकं. नाहीतर काठीवर गुंडाळतो. उघड्या हाताने ओढाल तर बोटं चिरून जातील."

"यंदा किती मिळाली?"

आबांनी तोंड वाकडं केलं. "कसानी तार! बठ्ठा गाव दिवसभर टेकडीवर बसला. बावटा उतरल्यावर पळालो, तर माळ कोरडा ठाक. एक वीतभर तार नाही. सरकारनं तिच्यातबी कपात केली, म्हटलं."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

सुनंदाबाईचा नवरा झुलाल केळीच्या बांधावर बसला होता.

"सकाळपासून कुठे होतास?"

"टेकडीवर. भाऊबी संगे व्हता, उखर्डू. बठ्ठ्यास्नी पाह्यलं."

"बायको संगे का नाही आली?"

"म्हणे, तुम्ही व्हा पुढे, मी अक्काले घेऊन येते. मी वाट पाहत राह्यलो. ती उनीच नई."

"अक्का कोण?"

"मोठी वहिनी. शेवंताबाई."

घर नाल्यापासून हाकेच्या अंतरावर होतं. दोघे भाऊ एकत्रच राहायचे. सुनंदाबाईच्या कोपऱ्यात मण्यांचे डबे होते, खोबरेलाची बाटली होती आणि देवळीत एक गुळगुळीत काठी होती. काठी रिकामी.

"हिच्यावर काय असायचं?"

"तार. मागल्या सालची," झुलाल म्हणाला. "गंजू नये म्हणून तेलाचा हात फिरवायची. काल राती तर भरेल व्हती..." तो काठीकडे बघत राहिला.

दुसऱ्या कोपऱ्यात रेशमी दोऱ्याच्या लडी होत्या. त्यांच्यावर धूळ बसली होती.

शेवंताबाई चुलीपाशी बसली होती. डोळे कोरडे.

"अक्का, तुम्हीही पोती ओवता?"

"ओवायची. आता कोण येतं माझ्याकडे?"

"सकाळी कुठे होतात?"

"घरातच. ताप व्हता."

"धाकटी तुम्हाला बोलवायला आली होती?"

"आली. मी नाही म्हटलं. मग गेली एकलीच, तारेच्या नादानं. तिला त्या तारेनंच खाल्लं, साहेब."

"तार पडताना तुम्ही पाहिलीत?"

"दारातून दिसते ना! हेलिकॉप्टर गेलं की मागं उन्हात चमकत येते. आजबी पाह्यली."

"तुम्ही कधी गोळा करायला गेलात?"

"मी?" शेवंताबाई एकदम ताठ झाली. "मी त्या तारेला हात लावत नाही. माझ्या बापाने मला रेशमात ओवायला शिकवलं."

फौजदार बाहेर आले. कॅप्टन जीपपाशी उभे होते.

"यंदाचं क्षेपणास्त्र वेगळं आहे का?"

"ते मी सांगू शकत नाही."

"नका सांगू. मी बोलतो. चुकलो तर थांबवा. तारेवर चालणारी जात जुनी. यंदा तुम्ही नवी आणलीत. तिला रेडिओवरून वळवतात. तिच्यामागे तार नसते."

कॅप्टन दूर डोंगराकडे बघत राहिले. त्यांनी थांबवलं नाही.

फौजदारांनी सगळ्यांना ओट्यावर बोलावलं.

"क्षेपणास्त्राने कुणाला मारलेलं नाही," ते म्हणाले. "या माळावर आज तार पडलीच नाही. सगळं गाव रिकाम्या हाताने परत आलं. मागल्या सालची तार माळावर राहिली असती तर पावसाळ्याने तिचा गंज केला असता. ही तार तेल लावून जपलेली आहे. ती या घरातल्या काठीवरची आहे."

झुलाल उठून उभा राहिला.

"बस. तू टेकडीवर होतास. तुझा भाऊही होता. आणखी एक गोष्ट. हाताला ओरखडा नाही. तार ओढून गोळा केली असती तर हात चिरला असता. बाई मेल्यावर कुणीतरी ती नुसती गुंडाळली. जो दरवर्षी तार गोळा करतो, तो ती उघड्या हातावर गुंडाळणार नाही. आणि जो आज टेकडीवर होता, त्याला यंदा तार नाही हे ठाऊक होतं. या गावात असं एकच माणूस आहे, ज्याने कधी तार गोळा केली नाही, जे टेकडीवर गेलं नाही, आणि तरी जे सांगतं की आज तार चमकताना पाहिली."

उखर्डूने बायकोकडे पाहिलं. "शेवंते?"

तिने चुलीतली राख झटकावी तसे दोन्ही हात झटकले.

"गावातल्या बठ्ठ्या लग्नांच्या पोती मी ओवल्या. दोरा झिजायचा, पोत तुटायची, म्हणून बाया परत यायच्या. माझ्यापाशी बसायच्या, रडायच्या, हसायच्या. मग ही तार आली. हिची पोत तुटतच नाही. कुणी परत येईनाच. आले तरी हिच्या कोपऱ्यात बसायचे. मी चुलीपाशी बसून त्यांचं हसणं ऐकायची."

"ती वाईट वागली का तुमच्याशी?"

"वाईट वागली असती तर सोसलं असतं," शेवंताबाई म्हणाली. "सकाळी हात धरून घेऊन निघाली मला. नाल्यात उतरलो तर म्हणते, अक्का, औंदा तुमच्यासाठीबी तार आणू. मी शिकवते तुम्हाला. मला शिकवते! मी हात हिसकला आणि ढकललं. दगडावर पडली. हाका मारल्या, उठली नाही. मग घरी पळत येऊन तार नेली. वाटलं, आळ हेलिकॉप्टरवर जाईल."

झुलाल तिच्या अंगावर धावला. उखर्डूने त्याला मागून मिठी मारली. दोघे भाऊ तसेच खाली बसले.

फौजदार बघत राहिले. झुलालला ओरडायला समोर माणूस होतं. इंदिराबाईला दुखण्याने नेलं. दुखण्याला बेडी घालता येत नाही. त्यांना झुलालचा हेवा वाटला, आणि त्या हेव्याची मनापासून शरम वाटली. शेवंताबाईला जीपमध्ये बसवताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

कॅप्टनच्या नेमबाजावरची चौकशी त्या आठवड्यातच उठली. शेवंताबाईला वर्षभराने जळगावच्या कोर्टात शिक्षा झाली. फौजदारांच्या लेकीचं लग्न वैशाखात ठरलं आहे. तालुक्यात पोत ओवणाऱ्या नावाजलेल्या बाया दोनच होत्या. एक गेली, एक तुरुंगात आहे.

इंदिराबाईची पोत अजून ओवायची राहिली आहे.