खोल थरातली दुसरी ओढ

दिनानाथ उकिडवे मत्स्यखात्यात सांख्यिकी सहायक होता. बदलापुरात दोन खोल्या, म्हातारी आई आणि कपाटभर तक्ते एवढाच त्याचा संसार. भुताखेतांवर त्याचा विश्वास नव्हता. खरं सांगायचं तर ज्याची सरासरी काढता येत नाही अशा कुठल्याच गोष्टीवर नव्हता. एकोणनव्वद सालच्या माघात खात्याने त्याला जे काम दिलं, ते त्याच्या मते डाव्या हातचं होतं. चामटोलीपासून दोन कोस आत, डोंगराच्या कुशीत शिळवणीचं धरण आहे. त्यात कोळंबी एकूण किती किलो आहे, तेवढं सांगायचं होतं.

आता तुम्ही विचाराल, पाण्यातली कोळंबी मोजतात तरी कशी? तर मोजत नाहीतच. पाण्याचे खोलीप्रमाणे थर पाडतात: काठचा, मधला आणि खोल. नकाशावर चौकोन आखतात. कुठल्या चौकोनात जाळं ओढायचं ते आकड्यांच्या तक्त्यावरून ठरतं, म्हणजे माणसाची आवडनिवड आड येत नाही. होडीमागून पिशवीसारखं जाळं पंधरा मिनिटं ओढायचं, आलेला माल तोलायचा आणि एवढ्या तुकड्यात इतकी तर अख्ख्या थरात किती, असा हिशोब मांडायचा. नियम एकच, पण पक्का. प्रत्येक थरात निदान दोन ओढी झाल्याच पाहिजेत. एका ओढीवरून अंदाज निघतो, पण तो अंदाज किती चुकलेला असेल ते कळायला दुसरी लागते. हा नियम दिनानाथने आयुष्यात कधी मोडला नव्हता आणि त्याचा त्याला जरा तोराही होता.

होडी कोंडाजीची होती. कोंडाजी चामटोलीचा, पन्नाशीकडे झुकलेला, काटक आणि मोजकं बोलणारा. काठचा आणि मधला थर दोन दिवसांत हसतखेळत उरकला. तिसऱ्या दिवशी दुपारी खोल थर घ्यायचा होता, आणि इंजिन सुरू करायच्या आधी कोंडाजी बराच वेळ नुसता दोराला हात लावून बसला.

"काय रे, डिझेल संपलं का?" दिनानाथने विचारलं.

"डिझेल हाय साहेब. पन तितं आमी जात नाय."

मग त्याने सांगितलं. सात वर्षांपूर्वी त्याचा थोरला भाऊ धोंडिबा खोलात अडकलेलं जाळं सोडवायला उतरला होता. कमरेला दोर, आणि दोराचं दुसरं टोक कोंडाजीच्या हातात. दोर वर आला तो मोकळा. गाठ तशीच होती, फासही तसाच होता, फक्त आत माणूस नव्हता. पुढे आठ दिवस शोधूनही काही हाती लागलं नाही.

"माझी वयनी, रखमा... सात वर्सं झाली, कुकू पुसत नाय," कोंडाजी म्हणाला. "म्हनते, दाखवा मना, मंग पुसते. गावात बाया नको नको ते बोलतात. हळदीकुकवाला बोलवायची का नाय, तेपन कोनाला ठरवता येत नाय. दहावा नाय, तेरावा नाय. नख जरी घावलं ना साहेब, तरी मी तिला या फेऱ्यातून सोडवीन."

दिनानाथला वाईट वाटलं. पण वाईट वाटून थर पुरा होत नाही, त्यामुळे पाच मिनिटांनी त्याने घड्याळाकडे पाहिलं आणि कोंडाजीने इंजिन सुरू केलं.

पहिला चौकोन डोंगराच्या सावलीत होता. दुपारचे तीन वाजले असतील, ऊन लख्ख होतं, पण त्या तुकड्यावर आल्यावर काठावरच्या बगळ्यांचा आवाज एकदम बंद पडला. पाण्याला वास येऊ लागला. कुजल्याचा नव्हे, बाळंतिणीच्या खोलीत येतो तसा कोंदट, उबदार वास. जाळं खाली गेलं. पंधरा मिनिटं इंजिन सरळ चाललं. जाळं वर घेतलं तेव्हा त्यात कोळंबी होती दीड किलो, सगळी जिवंत, पण एकही उडत नव्हती. एरवी जाळ्यातून काढली की कोळंबी फळीवर नाचते. ही निमूट पडून होती, सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला.

आणि तिच्यात हातातलं एक चांदीचं कडं होतं.

कोंडाजीने ते उचललं, पालथं केलं आणि मटकन खाली बसला. कड्याचा सांधा एके ठिकाणी तुटला होता आणि तिथे तांब्याचा खिळा ठोकून तो जोडला होता.

"हे दादाचंच. हा खिळा मीच मारलेला, साहेब..." त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "घावलं. रखमावयनी सुटली एकदाची..."

दिनानाथने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तरी सवय वाईट. कोळंबीचं कवच मोजायचा कॅलिपर त्याच्या हातातच होता. त्याने कड्याचा आतला व्यास मोजला. सत्त्याण्णव मिलिमीटर. धोंडिबा हाडापेराने दांडगा असणार, असं त्याच्या मनात आलं. तसं त्याने विचारलंही.

"दादा? छे. माझ्यापेक्षा बारीक व्हता."

कोंडाजीने कडं स्वतःच्या मनगटात घातलं. ते थेट कोपराच्या वर सरकलं.

खरं तर तेव्हाच होडी वळवायला हवी होती. कोंडाजी तसं म्हणालाही. पण खोल थरात अजून एकच ओढ झाली होती, आणि एकीवर दिनानाथचं समाधान होईना. त्याने कोंडाजीला समजावलं की दुसरा चौकोन पार पलीकडे आहे, अर्ध्या तासाचा प्रश्न आहे, आणि कुणी सांगावं, अस्थीही मिळतील. त्या शेवटच्या शब्दावर कोंडाजी पाघळला. दिनानाथने हे पुढे कुणापाशी कबूल केलं नाही, पण अस्थींचं नाव त्याने मुद्दाम काढलं होतं. त्याला दुसरी ओढ हवी होती.

दुसऱ्या चौकोनात सात मिनिटं झाली आणि इंजिन कण्हू लागलं. होडीची शेपटी खाली गेली. जाळं कुठे अडकलं म्हणावं तर होडी चालत होती. हळूहळू, जड, पण चालत होती. खालून कुणीतरी आपल्या पायांनी बरोबर चालत असावं तशी ती ओढ लागत होती.

"दोर कापू का, साहेब?"

"थांब... थांब जरा."

अकराव्या मिनिटाला भार एकाएकी गेला. होडी पुढे उसळली आणि दिनानाथ फळीवर आपटला. जाळं फाटलं असेल म्हणून त्यांनी ते घाईघाईने ओढून घेतलं. फाटलं नव्हतं. कोळंबी एक नव्हती. तळाशी कडं होतं, चांदीचं, तुटक्या सांध्याचं, तांब्याच्या खिळ्याचं. खिळाही पहिल्यापेक्षा मोठा होता.

दिनानाथने ते हातात घेतलं. कडं गरम होतं. बोटांनी दाबलं तर दबत होतं, ओल्या चामड्यासारखं. बघता बघता वाऱ्याने ते गार झालं आणि कडक झालं. त्याने कॅलिपर लावला. आकडा त्याने दोनदा वाचला. एकशे दहा.

काठाला लागेपर्यंत कोंडाजी तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेत होता. उतरल्यावर तो म्हणाला, "साहेब, पाया पडतो. वयनीला एकच दाखवू, पैलं. दुसरं तुमी ठेवा, नायतर फेका. तुमी शिकलेले, सरकारी मानूस. तुमी सांगा तिला की गेला म्हनून. तुमचं ऐकंल ती."

दिनानाथ हो म्हणाला. त्याला लवकरात लवकर घरी जायचं होतं, आणि त्या बाईला सोडवायचंही होतं. दोन्ही खरं होतं.

रखमाचं घर धरणाखालच्या वाडीच्या टोकाला होतं. ऊन उतरलं होतं, पण उजेड चांगला होता. ती ओट्यावर तांदूळ पाखडत बसली होती. पंचेचाळिशीची, सावळी, कपाळावर रुपयाएवढं ठसठशीत कुंकू. दोघांना बघून तिने सूप बाजूला ठेवलं आणि त्यांना घरात नेलं. कोंडाजीने कडं पुढे केलं.

तिने ते घेतलं, खिळ्यावरून अंगठा फिरवला, आणि रडली नाही.

"वहिनी," दिनानाथ पाठ केल्यासारखं बोलू लागला, "खोल पाण्यात मिळालं. आता संशयाला जागा नाही. धोंडिबांचं जे काही करायचं ते..."

"दुसरं कुटं हाय?" रखमाने विचारलं.

दिनानाथचा हात आपोआप खिशाकडे गेला. तिने तेही घेतलं. मग ती उठली, फडताळातून एक पितळी डबा काढला आणि जमिनीवर उपडा केला. आत सात कडी होती. सगळी चांदीची, सगळ्यांना तोच खिळा.

"धरनाच्या खाली व्हाळावर धुनं धुते ना, तितं येतात वाहून," ती म्हणाली. "वर्साला एक. पैलं ते बुडाले तवाच आलं. तुमाला सांगितलं असतं भावजी, तर तुमी लगीच दहावा करून मोकले झाले असता. मेल्या मानसाचं एकदाच येतं. यांचं तं येतंच हाय."

कोंडाजी भिंतीला टेकला. दिनानाथ खाली बसला. त्याने कॅलिपर काढला आणि कडी एका ओळीत लावली. पहिलं बासष्ट. मग चौसष्ट, सदुसष्ट, एकाहत्तर. पुढचं प्रत्येक आधीच्यापेक्षा मोठं, आणि दर वर्षीची वाढ मागच्या वर्षीपेक्षा जास्त. ही रांग त्याच्या ओळखीची होती. अशी रांग त्याने शेकडो वेळा तक्त्यात भरली होती. कोळंबी वाढते तेव्हा अंगावरचं जुनं कवच टाकून देते आणि नवं मोठं धरते. टाकलेली कवचं ओळीने लावली की आत जनावर किती वाढलं असेल ते सांगता येतं. नवं धरलेलं कवच काही वेळ मऊ असतं.

"धोंडिबांची उंची किती होती?" हा प्रश्न आपण विचारला हे त्याला बोलून झाल्यावर कळलं.

"साडेपाच फूट," कोंडाजी म्हणाला.

बासष्टाला साडेपाच, तर एकशे दहाला किती? कागद लागला नाही. पावणेदहा फूट. आकडा डोक्यात आला आणि दिनानाथला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपल्याला गणित येत नसतं तर बरं झालं असतं.

रखमा त्याच्याकडे टक लावून बघत होती. तिला आकड्याशी देणंघेणं नव्हतं. तिला एकच हवं होतं, आणि ते तिने सात वर्षं कुणालाही विचारलं नव्हतं.

"साहेब, तुमी शिकलेले. खरं सांगा. मी... रांडाव नाय ना?"

कोंडाजीने दिनानाथचा दंड घट्ट धरला. काय सांगायचं ते ठरलेलं होतं. पण पुढ्यात नऊ कडी होती, आणि खोटा आकडा सांगायची जीभ त्याच्याकडे नव्हती.

"नाही, वहिनी," तो म्हणाला. "नाही."

तिचा चेहरा असा उजळला की दिनानाथला तिच्याकडे बघवेना. तिने पदराने डोळे टिपले आणि लाजल्यासारखी हसली.

"मना म्हायतीच व्हतं. आज आले व्हते ना. घटकाभर झाली. एवढ्या वर्सांत पैल्यांदा दारात आले." तिने दाराकडे हात केला. "वाकले, बसले, आडवे झाले... पन आत मावले नाय."

दोघांनी मागे वळून दाराकडे पाहिलं. आत येताना लक्षात आलं नव्हतं. चौकटीचे दोन्ही खांब बाहेरच्या अंगाला कलले होते, त्यांच्या भोवतीची माती फुटली होती, आणि उंबरा ओला होता. बाहेर पडायला घराला तेवढं एकच दार होतं.

दिनानाथने अहवाल दिला. त्यात काठचा थर होता, मधला थर होता, आणि खोल थराच्या रकान्यात एक आडवी रेघ होती. वरिष्ठांनी कारण विचारलं तेव्हा त्याने जाळं फाटल्याचं सांगितलं. त्यानंतर त्याने धरणाचं नाव काढलं नाही, आणि चामटोलीच्या बाजूचा माणूस रस्त्यात दिसला तर तो दुसऱ्या फुटपाथला जाई.

वैशाखात एका सकाळी कोंडाजीच त्याच्या घरी आला. निम्मा झाला होता. दिनानाथच्या आईने दिलेला चहा त्याने हातातच धरून ठेवला.

"रखमावहिनी कशा आहेत?" शेवटी दिनानाथने विचारलं.

"मजेत हाय. हळदीकुकवाला आता कोनी नाय म्हनत नाय तिला. आमच्यातलं कोनी तिकडं फिरकतच नाय, तर नाय कोन म्हननार?" कोंडाजीने दाराकडे एकदा बघून घेतलं. "म्हयन्यापूर्वी समोरची भिंत पाडली तिनं."

दिनानाथने उठून दार लोटून घेतलं.

"काल परत निरोप धाडला, मानसं घेऊन या म्हनून," कोंडाजी खालच्या आवाजात म्हणाला. "पावसाच्या आदी छप्पर काढायचंय म्हनते."