चाकाआडचा रंग

खुर्ची डगमगत होती, तरी रत्नपाल गजभिये तिच्या पायाकडे बघायलासुद्धा तयार नव्हता.

वीरेंद्र पटले याला त्याचंच नवल वाटलं. रत्नपाल जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायचा. पण गोंदियात त्याची ख्याती वेगळीच होती. हा माणूस कुणाकडे चहाला गेला, तरी दाराची बिजागरी कसून मगच निघायचा. आज मात्र तो डगमगत्या खुर्चीवर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला होता.

"वीरेंद्रची खुर्ची आहे ती," अल्का मेश्राम म्हणाली. "तिला दुरुस्त करणारा अजून जन्मायचाय. तुम्ही कसता का?"

"नाही मॅडम," रत्नपाल पटकन म्हणाला. "मी आता कायलेच हात लावत नाही."

अल्काने आधी बरीच वर्षं विम्यासाठी अपघात तपासले होते. आता गोंदियातल्याच रेलटोलीत तिचं स्वतःचं तपास कार्यालय होतं. वीरेंद्र तिच्यासाठी फोटो काढणारा, गाडी चालवणारा आणि चुकीचा अंदाज सगळ्यात आधी बांधणारा सहकारी. तिसऱ्या कामात तो विशेष तरबेज होता.

रत्नपालने हकिगत सांगितली. आपल्या गाड्या आपणच दुरुस्त करणाऱ्या हौशी मंडळींचा त्याचा एक गट होता. दर रविवारी हेमराज कटरेच्या धानाच्या मिलच्या आवारात सगळे जमत. कुणी हॉर्न बदले, कुणी सीटांना नवी कव्हरं शिवून आणे. नियम एकच होता, आणि तो कडक होता. ब्रेकला रत्नपालशिवाय कुणी हात लावायचा नाही.

"रविवारी आमच्यातल्या लोकेशच्या गाडीचे समोरचे ब्रेक पॅड मी बदलले. बुधवारी तो आईले घेऊन दरेकस्याच्या घाटातून उतरून राहिला होता. ब्रेकचा पेडल खाली बसला तो वर आलाच नाही. गाडी खडकाले लागली." रत्नपालने हात मांडीखाली आणखी दाबले. "लोकेशचा हात मोडला अन् त्याच्या आईचा, कुसुमकाकूचा, पाय. मी लहानपणी त्या माउलीच्या हातचं जेवलो, मॅडम. लोकेश म्हणते, रत्नपालनं जॉइंट ढिला ठेवला. उद्या तो पोलिसात माह्या नावाच्या तक्रारीवर सही करणार आहे."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"मले मालूम नाही. तेच तर. मी निर्दोष आहो असं सिद्ध करा म्हणून नाही आलो. चूक माही असंल तर तसं सांगा. पण सांगा! रोज हे हात पाहतो अन् मले यांचा भरवसा वाटत नाही."

वीरेंद्रला गलबलून आलं. अल्काने मात्र एवढंच विचारलं, "त्या कामाचा फोटो आहे?"

होता. गटात प्रत्येक कामाचा फोटो काढून मोबाइलवर टाकायची पद्धत होती. रविवारच्या फोटोत नवे पॅड झळकत होते, आणि त्यांना दाबून धरणारा लोखंडी जबडा, ज्याला ही मंडळी कॅलिपर म्हणतात, राखाडी आणि धुळकट दिसत होता. ब्रेक ऑइलचा रबरी पाइप ज्या बोल्टने त्याला जोडलेला असतो, त्या बोल्टवरही जुना चिखल वाळून बसला होता. अल्काने फोटो स्वतःकडे पाठवून घेतला.

*

सालेकसा ठाण्याच्या आवारात लोकेशची गाडी उभी होती, नाक चेपलेलं, एक डोळा फुटलेला. तपासणाऱ्या अधिकाऱ्याने डाव्या चाकाचा ब्रेक पाइप आधीच सोडवून ठेवला होता. पाइपाच्या जॉइंटमधून ऑइल गळत गेलं आणि उतारावर ब्रेक निकामी झाले, असा त्याचा शेरा. ठाण्यातल्या हवालदाराने "पाहा, पण काही नेऊ नका" म्हणून परवानगी दिली.

"काय नटवली आहे हो गाडी!" वीरेंद्र चाकापाशी उकिडवा बसत म्हणाला. "वरून आरसे, खालून दिवे, आणि हे बघा, आतला जबडासुद्धा लालचुटूक. चाकाआड कोण बघणार आहे?"

"जवळून फोटो काढ. पाइप बसतो ती गोल जागा."

वीरेंद्रने काढला. बोल्टखाली तांब्याची चकती, म्हणजे वायसर, बसते त्या जागेवरही लालच होतं, पण कोरडं नव्हतं. बोटाला लागेल असा चिकट लगदा झाला होता. त्याने नाक मुरडलं आणि पुढचा फोटो काढला.

"घातपात," परतीच्या वाटेत तो ठामपणे म्हणाला. "कुणीतरी मुद्दाम ढिला केलाय."

"कुणी?"

"ते तुम्ही सांगायचं. मी आत्ता फक्त संशय घेतोय."

*

संशय घ्यायला हेमराज कटरे अगदी सोयीचा माणूस निघाला. मिलच्या ओट्यावर त्याने चहा मागवला खरा, पण स्वतःचा कप उचललाच नाही.

"ती गाडी तुम्हाला हवी होती," अल्का म्हणाली.

"होती ना. त्यात काय चोरी आहे? लोकेश देतच नव्हता. म्हणे बोदलकस्याच्या तलावावर गटाची सहल आहे, तिथं साऱ्यायचे डोळे दिपवीन." हेमराजने घाम पुसला. "आता भंगारात जाईल तर मी घेतो म्हटलं, एवढंच. लोक लगेच वाकडं पाहून राहिले."

"रविवारनंतर गाडी इथे होती?"

"नाही जी. संध्याकाळीच घरी नेली त्यानं."

"रत्नपाल पुन्हा तिच्यापाशी गेला?"

"मास्तर? तो तर सोमवारपासून शाळेच्या ट्रेनिंगले देवरीले होता."

बाहेर पडताच वीरेंद्र कुजबुजला, "घाम पाहिलात? हाच."

पण आमगाव रोडवर बिसराम उईकेच्या गॅरेजमध्ये पाय ठेवल्यावर त्याचं मत बदललं. बिसराम गाडीखालून बाहेरही आला नाही. त्याचे फक्त पाय बोलत होते.

"म्या सांगतलं होतं त्यायले. कोनाचा तरी जीव घेसान म्हटलं. मोबाइलात पाहून गाडी खोलतेत, अन् बिघडली का मंग माह्याकडे आनतेत."

"म्हणजे तुमचं गिऱ्हाईक तोडतात, हा राग आहे."

"राग आहे तं आहे. रागानं मी कोनाच्या घरी जाऊन बोल्ट ढिले करतो का?" पाय क्षणभर थांबले. "सोमवारी लोकेश आला होता. ब्रेक ऑइलची बाटली घेऊन गेला. मास्तरनं मांगवली असंल."

वीरेंद्रचा चेहरा पडला. मास्तर सोमवारी देवरीला होता हे त्याच्या लक्षात राहिलं नाही. ज्याच्यासाठी त्याला गलबलून आलं होतं, त्याचाच त्याला आता संशय येऊ लागला, आणि त्याचं त्याला फार वाईट वाटलं.

*

दवाखान्यात कुसुमबाई बिसेन प्लास्टरमधला पाय लांब करून बसल्या होत्या. गळ्यात झोळी करून डावा हात लटकवलेला लोकेश उशाशी होता. नर्सने खाटेला टेकवलेला वॉकर उचलला, तर त्याचा एक पाय लुळा पडला.

"आजपासून चालायला लागा," नर्स म्हणाली.

"त्याच्यावर? खुळखुळते ते माय. एक पाय मोडला तेवढा पुरे."

अल्का हसली. मग लोकेशकडे वळली. "रविवारनंतर तुम्ही गाडीला काही केलंत?"

"हात नाही लावला, मॅडम. आमच्यात ब्रेक म्हणजे रत्नपाल. मी कायले लावीन?" तो जमिनीकडे बघत होता. "माही त्याच्याशी दुश्मनी नाही. पण माह्या माईचा पाय मोडला."

"तुमचा लोकेश फार काळजी घेतो वाटतं," अल्का कुसुमबाईंना म्हणाली.

"घेते ना बाई. गाडीची जास्त, माही थोडी कमी." म्हातारी खुदकन हसली. "आता पाहा, सोमवारी कसा सायबासारखा चमच्यानं जेवला! वरण-भात, अन् चमचा! जन्मात पहिल्यांदा. म्या म्हटलं, हात का भाड्यानं देला का?"

वीरेंद्र खो खो हसला. लोकेश हसला नाही.

अल्का उठली. "वीरेंद्र, रत्नपालला बोलाव. इथेच."

*

रत्नपाल दारातच थबकला. कुसुमबाईंकडे बघायची त्याची हिंमत होत नव्हती. लोकेश उभा राहिला. "याले कायले बोलावलं?"

"बसा," अल्का म्हणाली. "हा रविवारचा फोटो. जबडा राखाडी, बोल्टावर वाळलेला चिखल. पॅड बदलायला तो बोल्ट उघडावाच लागत नाही, आणि रत्नपालने तो उघडलेला नाही. हा दुसरा फोटो, ठाण्यातला. जबडा लाल. म्हणजे रविवारनंतर कुणीतरी चाक काढून तो रंगवला."

"वैऱ्यानं!" वीरेंद्र म्हणाला.

"कोणता वैरी रंग देतो रे? ज्याला गाडी दरीत लोटायची आहे, तो बोल्ट ढिला करून पळेल. बसून ब्रश फिरवणार नाही. चाकाआड, जिथे कुणी बघणारही नाही, तिथे. हे काम गाडीवर जीव असलेल्याचंच. बिसराम आणि हेमराज यांच्यावरचा संशय मी तिथेच सोडला."

लोकेशने झोळीतला हात जवळ ओढून धरला.

"आता रंग कुठवर गेला ते बघा. वायसर बसते त्या जागेवरही. पाइप लावलेला असता, तर तिथे ब्रश पोचलाच नसता. रंगवणाऱ्याने सगळीकडे एकसारखा हात फिरावा म्हणून पाइप सोडवला आणि ती जागा न झाकता रंगवली. रंगावरच वायसर ठेवून बोल्ट घट्ट कसला. गावात फिरून पाहिलं असेल, ब्रेक ठीक लागले. पण ब्रेक ऑइल रंगाला खातं. दोन दिवसांत रंगाचा लगदा झाला, घट्ट बोल्ट आपोआप सैल पडला, आणि घाटात पुन्हा पुन्हा ब्रेक दाबताच ऑइल वाहून गेलं. यात ढिलाई कुणाचीच नव्हती. हौस होती."

वीरेंद्रला तो चिकट लगदा आठवला आणि त्याने कपाळाला हात लावला.

"पाइप सोडवला की ऑइल सांडतं. नवी बाटली लागते. ती सोमवारी कुणी घेतली? रत्नपाल देवरीला होता. आणि रंग लागला की हात थिनरने धुवावे लागतात. त्याचा वास साबणाने जात नाही. अशा हाताने वरण-भात कालवून आईच्या शेजारी बसायचं, तर..."

"तर चमचा लागते," कुसुमबाई हळूच म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू विझलं होतं.

लोकेश खाटेच्या कडेला बसला.

"मले बोदलकस्याले साऱ्यायले दाखवायचं होतं," तो म्हणाला. "रत्नपालले सांगतलं असतं तर त्यानं नाही म्हटलं असतं. शुद्धीवर आलो तर माय दिसली, पाय असा... माह्याच हातानं केलं असं कोन्या तोंडानं सांगू? पोलिसानं इचारलं, ब्रेकचं काम कोणी केलं? तोंडून याचं नाव निघालं. मंग परत घेता नाही आलं." त्याने रत्नपालकडे पाहिलं. "माफ कर बे."

रत्नपालने आपले दोन्ही हात पुढे धरले.

"तू रंगवलं त्याचा मले राग नाही, लोकेश. मी बी कधीतरी रंगवलं असतं. पण मी रातभर या हातायकडे पाहत बसत होतो. अन् तुले मालूम होतं."

तो वळला. आता तो जाणार आणि पुन्हा लोकेशच्या घरी पाय ठेवणार नाही, हे वीरेंद्रला दिसत होतं. इतकं सगळं उलगडूनही काहीतरी तुटलेलंच राहणार, म्हणून तो कासावीस झाला.

"रत्नपाल," कुसुमबाईंनी हाक मारली. "या वॉकरचा एक पाय खुळखुळते."

लोकेश घाईने उठला आणि धड हाताने वॉकर धरायला गेला. "मी कसतो, माय."

"तू नोको." कुसुमबाईंनी त्याचा हात बाजूला केला. आवाज चढला नव्हता, पण लोकेश मागे सरकला. "त्याले दे."

रत्नपाल परत आला. त्याने पँटच्या खिशातून छोटा पाना काढला. हात लावत नाही म्हणणाऱ्या या माणसाने तो इतके दिवस खिशात ठेवलाच होता. तो वॉकरपाशी गुडघ्यावर बसला. त्याने नट कसला, पाय हलवून पाहिला, पुन्हा थोडा कसला. मग उरलेले तीनही पाय तपासले, कुणी सांगितलं नसताना.

"पाहून घ्या काकू," तो म्हणाला. "आधी थोडाच जोर द्या."

"काऊन थोडा?" कुसुमबाई म्हणाल्या, आणि खाटेवरून उठून त्यांनी सगळा भार त्या वॉकरवर टाकला.