‘घामोळं’ची मूळ प्रत

अकरावी बैठक संपली, तरी पडद्यावरची मेंदूच्या प्रतिसादाची हिरवी रेघ सपाटच राहिली. डॉक्टर नसीमा मुजावर यांनी सारिकाच्या कानांवरून श्रवणटोप हळूच काढला, तिचे केस नीट केले आणि खुर्चीमागे उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्याकडे, संग्राम तोडकरकडे, वळल्या. त्यांचा चेहरा पाहूनच त्याला उत्तर कळलं.

"काहीच नाही?" त्याने तरीही विचारलं.

"काहीच नाही."

सारिका खिडकीकडे बघत बसली होती. सात महिन्यांपूर्वी तिच्या मेंदूतली एक रक्तवाहिनी फुटली, तेव्हापासून ती अशीच बसायची. डोळे उघडे, श्वास व्यवस्थित, भरवलं तर चार घास खायची. पण नवरा कोण, गाव कोणतं, स्वतःचं नाव काय, कशाचाही पत्ता नाही. बत्तीस वर्षांपूर्वी याच बाईने इचलकरंजीच्या ‘डांबर’ बँडमध्ये बेस गिटार वाजवली होती, तीही अशी की पहिल्या रांगेतल्या पोरांच्या छातीत धडधड व्हायची. हे आता कुणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

पुण्याच्या पाषाण भागातली ही प्रयोगशाळा संग्रामची शेवटची आशा होती. इथला नियम साधा आणि निर्दय होता. एका रुग्णाला बारा बैठका. बाराव्या बैठकीपर्यंत प्रतिसाद आला नाही तर यंत्र पुढच्या रुग्णाला द्यायचं आणि आधीच्याची रवानगी कायमची शुश्रूषागृहात. तिथे जेवू घालतात, कूस बदलतात, पण परत आणण्याची खटपट कुणी करत नाही. आता एकच बैठक उरली होती, सोमवारची.

"तोडकर, एक विचारते, राग मानू नका," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही दिलेलं हे ध्वनिमुद्रण अस्सलच आहे ना?"

"म्हणजे काय! ‘डांबर’चा ‘घामोळं’ अल्बम. पहिल्या गाण्यापासून नवव्यापर्यंत, सलग. आमच्या ऑनलाइन कट्ट्यावरची सर्वोत्तम प्रत आहे."

"हो, पण जरा जास्तच उत्तम आहे," यंत्रामागून देवदत्त केळुसकर बोलले. ते इथले ध्वनिशास्त्रज्ञ, माणूस मालवणचा, बोलणं तोलून मापून. "एकही ठोका इकडचा तिकडे नाही. बत्तीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये चार जणांनी वाजवलेलं असं असू शकत नाही."

"पुनर्घडण केलेली आहे ती," संग्राम अभिमानाने म्हणाला. "यंत्राने खरखर काढली, शेजारच्या मागांची खडखड काढली, तुटलेले सूर जोडले."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "अहो, मग आम्ही अकरा वेळा तिला काय ऐकवत होतो? माणूस आपलं वाजवणं ओळखतो ते आपल्या चुकांवरून. कुठे बोट उशिरा पडतं, कुठे घाई होते, कुठे तार निसटते. प्रत्येकाची ही नक्षी वेगळी असते. आम्ही तिला चूकठसा म्हणतो. मेंदू सगळं विसरला तरी हा ठसा खोलवर शिल्लक असतो, आणि त्याला तोच ठसा बाहेरून ऐकू आला तर तो जागा होतो. आमचा सगळा उपचार एवढ्यावर उभा आहे. बिनचूक वाजवणं कुणाचंच नसतं हो! मूळ प्रत आणा. खरखरीसकट आणा."

"आणतो की," संग्राम म्हणाला, आणि दुसऱ्याच क्षणी त्याला आठवलं की मूळ प्रत उरलेलीच नाही.

त्याचं कारण असं की ‘कानसेन कट्टा’ नावाचा जो ऑनलाइन संग्रह होता, मराठी रॉकचं झाडून सगळं जिथे जपलं जात होतं, त्याचा कारभारी संग्रामच. आणि कट्ट्याचा पहिला नियमही त्यानेच केलेला: एका अल्बमची एकच प्रत, सरस आली की आधीची काढायची. ही मंडळी भारी काटेकोर. एकाच गाण्याच्या दोन प्रती शेजारी दिसल्या तर यांना जेवण जायचं नाही. चार वर्षांपूर्वी पुनर्घडण केलेलं ‘घामोळं’ आलं, मतदान झालं, सगळ्यांनी टाळ्या पिटल्या, आणि संग्रामने स्वतःच्या बोटाने जुनी प्रत काढून टाकली. कट्ट्याची व्यवस्था अशी की तिथे प्रत बदलली की सभासदांच्या घरच्या यंत्रांतही आपोआप बदलायची. ही सोयसुद्धा त्याचीच! दोन हजार सभासदांकडून मूळ ‘घामोळं’ एका दुपारी नाहीसं झालं, आणि कुणालाच त्याचं वाईट वाटलं नाही.

पुढचे दोन दिवस तो वेड्यासारखा फिरला. बँडकडची मूळ चकती पंचगंगेच्या पुरात केव्हाच गेली होती. सीडी निघाल्या होत्या तीनशे. कट्ट्यावर त्याने लिहिलं, ‘कुणाकडे जुनी सीडी असेल तर पाया पडतो.’ उत्तरं आली ती अशी: ‘नवी प्रत ऐका दादा, जुनी कशाला?’ मिरजेच्या एका प्राध्यापकाकडे सीडी होती म्हणून तो धावत गेला. त्या भल्या माणसाने कपाटातून ती काढून दिली, उजेडात धरली, तर चकाकणारा थर पापुद्र्यासारखा निघून गेलेला आणि आरपार खिडकीचे गज दिसत होते. संग्राम तिथेच प्राध्यापकाच्या पायरीवर बसला आणि रडला. "मी मारली हो तिला," तो म्हणत होता. प्राध्यापकाला काहीच कळेना, त्याने पाणी आणून दिलं.

शनिवारी तो प्रयोगशाळेत आला तो रिकाम्या हातांनी. केळुसकरांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती वेळा ऐकलंत हो तुम्ही हे मूळ?"

"हजारो वेळा. अठ्ठावीस वर्षं. त्यावर चाळीस पानांचा लेख लिहिलाय मी."

"मग एक प्रत शिल्लक आहे," केळुसकर म्हणाले आणि त्याच्या डोक्याकडे बोट केलं.

डॉक्टर मुजावर लगेच पुढे झाल्या. "अपेक्षालहर? देवदत्त, त्याने अख्खा अल्बम निघेल?"

"निघायला हवा." केळुसकर संग्रामकडे वळले. "ओळखीचं गाणं ऐकताना मेंदू नेहमी पाऊलभर पुढे असतो. आता ठोका येणार, आता सूर चढणार, असं धरून चालतो. अपेक्षा चुकली की मेंदूत एक बारीक लहर उठते. आता तुम्हाला ही गुळगुळीत प्रत ऐकवायची. जिथे मूळ ठोका उशिरा होता, तिथे तुमचा मेंदू उशिराची वाट बघणार, तो वेळेवर आला की लहर उठणार. त्या सगळ्या लहरी टिपल्या की मूळ कुठे, किती वाकडं होतं ते कळतं. तेवढं वाकडं आम्ही पुन्हा करायचं."

"पण चार वर्षं मी नवीच प्रत ऐकतोय."

"म्हणूनच घाई. दर वेळी नवं ऐकताना जुनं थोडं पुसलं जातं. आणि एक लक्षात ठेवा, ज्याच्याकडे तुमचं लक्ष होतं तेवढंच निघेल."

"माझं लक्ष सगळीकडे होतं!" संग्राम जवळजवळ ओरडलाच. दोन दिवसांत पहिल्यांदा त्याच्या जिवात जीव आला.

रविवारी सकाळी त्याच्या डोक्यावर टोप चढला. एकेचाळीस मिनिटं तो डोळे मिटून ऐकत राहिला, मग पुन्हा एकदा, मग तिसऱ्यांदा. दुपारी केळुसकरांनी पडद्यावर एकेक वाद्य उलगडून दाखवायला सुरुवात केली, आणि संग्रामला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. गायक दादू चौथ्या गाण्यात श्वास घ्यायला चुकायचा, ते आलं. ड्रमवाल्याची सातव्या गाण्यातली घाई आली. गिटारची सैल झालेली तार आली. अहो, शेजारच्या मागांची खडखडसुद्धा आली, जशीच्या तशी!

"वा रे पठ्ठ्या," डॉक्टर म्हणाल्या. "कान आहेत की काय!"

केळुसकर मात्र पडद्यावरची शेवटची पट्टी पुन्हा पुन्हा मागेपुढे करत होते. "तोडकर, इथे काहीच नाहीये. एकही लहर नाही. नऊच्या नऊ गाण्यांत, तिन्ही वेळा. हे कोणतं वाद्य?"

संग्रामने पाहिलं. पट्टी पहिल्यापासून शेवटपर्यंत कोरी होती.

"बेस," तो म्हणाला. "ती."

त्याला स्वतःचा चाळीस पानी लेख आठवला. त्यात दादूच्या आवाजावर अकरा पानं होती, ड्रमवर सहा, मागांच्या खडखडीवरही दीड पान होतं. आणि सारिकावर? एक ओळ. ‘बेसची साथ चोख.’ लेख छापला तेव्हा तिने वाचला होता आणि हसून म्हणाली होती, "छान लिहिलंयस." त्याला ते तेव्हा खरंच छान वाटलं होतं.

त्याने डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. तिसऱ्या गाण्यात ती काय वाजवायची? पाचव्यात? एक सूर आठवेना. मूर्ख, नुसता मूर्ख! जगातला ‘डांबर’चा सगळ्यात मोठा चाहता, तिच्याशी लग्न केलेला माणूस, आणि तिचं वाजवणं त्याने एकदाही ऐकलं नव्हतं. ज्या एका माणसासाठी हा खटाटोप चालला होता, त्याच माणसाची जागा त्याच्या डोक्यात रिकामी निघाली.

"त्या जागी पुनर्घडण केलेला बेस ठेवू," केळुसकर हळू आवाजात म्हणाले. "निदान गाणं भरलेलं वाटेल."

"नको," संग्राम म्हणाला. "तो तिचा नाही. अकरा वेळा ऐकवला तो परका हात तिला. काढून टाका. माझ्याकडे नाही ते नाही, पण खोटं तिच्या कानात घालू नका."

डॉक्टरांनी मान हलवली. त्यात होकार होता, पण आशा नव्हती. शुश्रूषागृहाचे कागद त्यांनी टेबलावर आणून ठेवलेच होते.

सोमवारी सकाळी दहाला बारावी बैठक सुरू झाली. दादूचा आवाज, गिटार, ड्रम, माग, आणि मधोमध एक पोकळी. पोकळ गाणं किती केविलवाणं वाटतं ते संग्रामला आत्ता कळत होतं. पहिलं गाणं संपलं. रेघ सपाट. दुसरं संपलं. रेघ सपाट. तिसरं सुरू झालं, तेव्हा त्याने पेन उचललं आणि कागदावर सही करायची जागा शोधू लागला, कारण सारिकाकडे बघवत नव्हतं.

"तोडकर," डॉक्टर कुजबुजल्या. "हात बघा."

तिच्या मांडीवरच्या पांघरुणावर उजव्या हाताची दोन बोटं हलत होती. एक, मग दुसरं, मग पहिलं. डावा हात अर्धवट वळला होता, अदृश्य गिटारची मान पकडल्यासारखा.

केळुसकर खुर्चीतून उठले. "अरे देवा! अपेक्षालहर तिलाही आहेच की. बाकी तिघं त्यांच्या सगळ्या चुकांसकट वाजवतायत, तिचा मेंदू वाट बघतोय, आता बेस येईल, आता येईल, आणि येतच नाही. मग ती स्वतःच देतेय. अकरा वेळा आपण तिची जागा भरून ठेवली होती, डॉक्टर. तिला वाजवायला जागाच नव्हती."

"किंवा नुसते झटके असतील," डॉक्टर म्हणाल्या. त्यांना खात्री हवी होती, आणि ती लेखी द्यावी लागणार होती. "तोडकर, तुम्हाला अल्बम पाठ आहे. बरोबर वाजवतायत का त्या?"

संग्राम त्या दोन बोटांकडे बघत राहिला. हो म्हटलं असतं तर काम झालं असतं. "मला नाही माहीत," तो म्हणाला. "मी कधी ऐकलंच नाही." मग त्यालाच सुचलं. "पण परत लावा. झटके असतील तर दुसऱ्यांदा वेगळे पडतील. ती असेल तर चूक त्याच जागी होईल."

डॉक्टरांनी चमकून त्याच्याकडे पाहिलं, तिच्या बोटांना हालचाल टिपणाऱ्या चकत्या चिकटवल्या आणि तिसरं गाणं पुन्हा लावलं. दोन कडवी सरळ गेली. तिसऱ्या कडव्याच्या तोंडाशी मधलं बोट केसभर उशिरा पडलं. त्यांनी गाणं पुन्हा लावलं. तिसऱ्या कडव्याच्या तोंडाशी मधलं बोट पुन्हा उशिरा पडलं, तेवढंच. चौथ्यांदाही तेवढंच. पडद्यावरची हिरवी रेघ आता थरथरत होती.

"आहे," केळुसकर म्हणाले. "चूकठसा आहे. ती आहे आत."

संग्रामचा बांध फुटला. तो तिच्या खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसला, सात महिने साठलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "सारिका, अगं मी आहे, संग्राम. चुकलं गं माझं. मीच पुसलं सगळं. तू किती छान वाजवतेस, मला कधी कळलंच नाही, मी तुला—"

बोटं थांबली. डॉक्टर घाबरून पुढे झाल्या. सारिकाच्या कपाळावर आठी पडली, मान सावकाश वळली, आणि डोळे संग्रामवर येऊन स्थिरावले.

"गप," ती म्हणाली. आवाज सात महिन्यांच्या गंजाने खरखरीत झाला होता. "गाणं चालू आहे."

तो गप्प बसला. बोटं पुन्हा हलू लागली, आणि संग्रामने ‘घामोळं’ ऐकायला सुरुवात केली.