उशीजवळचा लाल ठिपका

चंद्रपूरच्या कडेला, खाणीतून निवृत्त झालेल्या कामगारांच्या त्या वसाहतीत, एप्रिलच्या दुपारी पंखे बंद होते. बाहेर पारा सत्तेचाळिसावर होता आणि आत घरे सावलीतल्या माठासारखी गार होती. भिंतींना आतून तंतुफेसाचे अस्तर लागले होते.

धानाच्या तणसातले डोळ्यांना न दिसणारे तंतू सुटे करायचे, पाण्यात घुसळून त्यांचा फेस करायचा, तो गोठवायचा, आणि बर्फाला वितळू न देता त्याची थेट वाफ करून काढून घ्यायची. बर्फ निघून जाई. त्याने अडवलेल्या जागा तेवढ्या उरत. त्या सूक्ष्म पोकळ्यांत हवा कोंडून राही आणि उष्णतेला वाट सापडत नसे. उशीएवढी वडी तळहातावर घेतली, तरी हात रिकामाच वाटे.

अस्तर लावणाऱ्या प्रकल्पाचा तंत्रज्ञ सुमेध खोब्रागडे उष्णता टिपणारा कॅमेरा घेऊन एकेक भिंत तपासत होता. ओळीतल्या बारा घरांत कुठेही गळती सापडली, तर ती जागा कायमची लिंपून टाकायची, असा नियम होता. काशीनाथ ठेंगण्यांच्या घरी कॅमेऱ्याचा पडदा निळाशार राहिला; गळती नव्हती.

"बाबू, पलीकडला माणूस दिसते का जी यात?" खाटेवर बसलेल्या काशीनाथांनी विचारले.

"नाही, काकाजी. फक्त उष्णता दिसते. आणि या अस्तरापलीकडची तीही नाही."

"अन् आवाज?"

"आवाजही येत नाही." हे वाक्य सुमेध एरवी अभिमानाने सांगत असे. आज काकाजींचा चेहरा पाहून ते त्याच्या ओठांवर जरा अडखळले.

"मंग ही मधली भिंत काहून झाकली? ऊन तर बाहेर असते."

"ही भिंत छपराच्या वर निघाली आहे ना. वर तापते आणि सगळी धग दोन्ही घरांत उतरवते."

काशीनाथांनी त्या भिंतीवरून हात फिरवला. पलीकडे राजय्या राहत होता. दोघांनी तीस वर्षे एकाच पाळीत कोळसा काढला होता. नव्याने उघड्या पडलेल्या छताखाली पाऊल टाकण्याआधी काशीनाथ काठीने दोनदा छत ठोकत, ते पोकळ तर नाही ना म्हणून आवाजाला कान देत; मागून राजय्या एकदा ठोके. त्या एका ठोक्याचा अर्थ होता, मीही ऐकले, चल. तीन वर्षांपूर्वी पक्षाघाताने राजय्याची वाचा आणि उजवे अंग गेले. डावा हात राहिला. तेव्हापासून रोज पहाटे पाच वाजता काशीनाथ भिंतीवर दोनदा ठोकत आणि पलीकडून एक ठोका येई.

"फेस लागून अठरा दिवस झाले, जवाब नाही," काशीनाथ म्हणाले. "रुसला माह्यावर. हा फेस लावाच्या कागदावर पहिली सही माहीच होती ना. सांजच्याले भेटाले जातो, तर तोंड भिंतीकडे फिरवते. आता मीही जात नाही."

सुमेध कॅमेरा घेऊन शेजारच्या घरी गेला.

राजय्याची सून भाग्या दारातच संकोचली. "साहेब, एका कोपऱ्यात उंदरानं कुरतडलं जी. लिहू नका ना."

कॅमेऱ्यात खाटेच्या कडेला, उशीच्या उंचीवर, तळहाताएवढा लाल ठिपका उमटला. सुमेध वाकला. ठिपक्याच्या जागी खळगा होता. चार बोटे जाडीच्या अस्तरातली तीन बोटे खरवडून निघाली होती. खाटेखाली पांढरा भुगा पडला होता. तसाच भुगा राजय्याच्या डाव्या हाताच्या नखांत होता.

म्हातारा त्याच्याकडे पाहत होता. मग त्याने मान हळूच भिंतीकडे वळवली. तो रुसवा नव्हता. राजय्या तो खळगा दाखवत होता.

नियमाप्रमाणे सुमेधने लिंपणाचा डबा उघडायला हवा होता. त्याने सुरी काढली. उरलेला एक बोटाचा थर त्याने गोल कापला, तेव्हा आतली जुनी वीट दिसली. मग काशीनाथांच्या घरी येऊन, तेवढीच उंची मोजून, तिथेही तसाच गोल कापला, आणि दोन्ही भोकांना बसतील अशी फेसाचीच दोन बुचे घडवली.

"बूच पहाटे गारव्यात काढायचं, ऊन चढायच्या आत लावायचं," तो म्हणाला. "तिकडचं भाग्याताई पाहतील. राजय्याकाकांच्या खोलीत धग शिरता कामा नये, काकाजी. त्यांना ती सोसणार नाही."

काशीनाथांनी काठी घेतली. उघड्या विटेवर दोनदा ठोकले.

काहीच आले नाही. काशीनाथांनी कपाळ भिंतीला टेकवले.

मग एक ठोका आला, पुसट. त्यामागून दुसरा, तिसरा, मग मोजता न येण्याइतके, जणू अठरा दिवसांचे सगळे एकदम.

"येडा झाला का बे, राजय्या!" काशीनाथ भिंतीला म्हणाले आणि उपरण्याने डोळे पुसू लागले. "एकच ठोकाचा असते!"

सुमेधच्या हातातल्या कॅमेऱ्याचा पडदा उत्तराची वाट पाहत होता: गळती आढळली का? पुढच्या महिन्यात आणखी आठ हजार घरांना हे अस्तर लागणार होते, आणि त्याच्या सुरीने कापलेल्या भोकाची आकृती अजून कोणत्याही आराखड्यात नव्हती. त्या आठ हजार गार, निःशब्द घरांत किती जण भिंतीकडे तोंड करून पडलेले असतील, आणि त्यांच्या नखांकडे वाकून कोण पाहणार?