सोकोरो अंकलचा अलार्म

ज्यांच्या बाबतीत हे घडलं, ते आजही हयात आहेत. गेल्याच महिन्यात त्यांच्या पडवीत बसून मी चहा प्यायलो. म्हणून आधीच सांगतो, यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही.

मालवणपासून थोडी दूर, समुद्राच्या अंगाची एक वाडी. नाव सांगत नाही, कारण तिथे अजून माझी माणसं राहतात. गेल्या वर्षीचा जानेवारी. मंगळवारची पहाट.

पण त्या पहाटेकडे जायचं तर थोडं मागे जावं लागेल.

माझ्या दत्ताराममामांचं घर आणि सोकोरो अंकलचं घर शेजारी शेजारी. मध्ये फक्त दगड रचून केलेला एक बुटका गडगा. अंकल पूर्वी बाजारात शिंपीकाम करायचे. पुढे किडन्या गेल्या आणि दर मंगळवारी, शुक्रवारी डायलिसिस सुरू झालं. दवाखाना लांब कुडाळला. पहिली एसटी काळोखातच सुटते. ती चुकली की नंबर गेला.

आणि अंकलची झोप म्हणजे दगड.

त्यांना उठवायचं काम कार्मेलिन आंटीचं. ती आधी उठून अंगण झाडायची. मग बाहेरूनच हातातल्या लग्नाच्या अंगठीने खिडकीच्या गजावर वाजवायची.

टिंग... टिंग... टिंग...

आतून अंकल म्हणायचे, "उठलंय गो." तोवर ती थांबायची नाही.

त्या जानेवारीच्या आधीचे गणपती झाले आणि पाठोपाठ कार्मेलिन आंटी गेली. साधा ताप म्हणता म्हणता गेली. अंगठी बोटातून निघेना, म्हणून तशीच पुरली.

अंकल एकटे राहिले. त्यांची मुलगी डेलिशा मडगावला हॉटेलात नोकरीला. तिने त्यांच्यासाठी सेलमधून एक स्वस्तातला स्मार्टफोन मागवला. दिवाळीत एक दिवस सुट्टी काढून आली आणि मंगळवार-शुक्रवारचा अलार्म लावून गेली.

फोन कसला, डोकेदुखी होती. निम्मी बॅटरी दिसायची आणि क्षणात काळा पडायचा. मध्येच अडकायचा. बोट न लावता आपोआप काहीतरी उघडायचा. डेलिशाने फोन केला तर अंकलना कधी ऐकूच यायचा नाही. सगळे म्हणायचे, अंकलचे कान गेले. शेवटी संध्याकाळी तेच तिला फोन लावायचे.

एकदा वैतागून म्हणाले, या डब्यात एकच गोष्ट चांगली आहे, अलार्म. एक दिवस चुकला नाही.

डेलिशाला तेवढंच समाधान.

नाताळाला ती घरी आली. रात्री दोघं जेवायला बसली. ताटाकडे बघतच अंकलनी विचारलं, "मम्मीच्या अंगठीचो आवाज तुका खंय गावलो गो?"

डेलिशाला कळेना.

"अलार्मात घातलस तो. मी मुद्दाम काय बोललंय नाय. तू रडशीत म्हणून."

तिच्या हातातला घास तसाच राहिला. तिने तर फोनमधली साधी पियानोची धून लावली होती. पण बापाचा चेहरा बघून तिला काही बोलवेना. दुःखाने माणसाला असे भास होतात, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. ती पहाटेच जागी होऊन बापाच्या खोलीच्या दारात उभी राहिली. अंकल घोरत होते. फोन उशाशी.

वेळ झाली. फोनचा पडदा उजळला. अलार्मचं चित्र थरथरलं.

पण आवाज...

आवाज आलाच नाही.

पडदा तसाच मुकाट लुकलुकत राहिला. डेलिशा फोन घ्यायला पुढे झाली आणि...

टिंग...

खिडकीबाहेरून.

टिंग... टिंग...

ती जागीच थिजली. अंकलनी कूस बदलली आणि डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाले, "उठलंय गो."

आवाज थांबला.

थोड्या वेळाने धीर करून तिने बाहेर पाहिलं. अंगणात कोणी नव्हतं. चांगलं टिपूर चांदणं होतं. माडाच्या सावल्यासुद्धा हलत नव्हत्या.

बापाला एसटीत बसवून ती तशीच फोन घेऊन मालवणच्या बाजारात गेली. तिथे विनीत नावाचा मुलगा फोन दुरुस्त करतो, तिच्या शाळेतला. त्याने मागचं झाकण उघडलं. भिंगातून बराच वेळ बघत बसला.

"स्पीकर जोडलेलोच नाय ह्येचो," तो म्हणाला. "ह्यो फोन घेतल्यापासून कधी वाजलोच नसतलो."

डेलिशाने पुन्हा विचारलं. एकदा तरी वाजला असेल?

त्याने नकारार्थी मान हलवली.

म्हणजे दिवाळीपासून दर मंगळवारी, दर शुक्रवारी...

तिने नवा स्पीकर बसवून घेतला. अलार्म लावून बघितला. दुकानभर पियानो वाजला. घरी येईपर्यंत तिने कोणाला काही सांगितलं नाही. पण संध्याकाळी अंकल दमून झोपले, तेव्हा ती मागच्या अंगणात गेली. त्या खिडकीपाशी उभी राहिली. गजावरून हात फिरवला. गज एका जागी घासून गुळगुळीत झाला होता.

आणि हळूच म्हणाली, "मम्मी, तू आता पहाटे उठा नको. पड जरा. आता फोन वाजतलो."

भीतीने म्हणाली की मायेने, ते तिचं तिलाही सांगता येत नाही. मेल्यावरसुद्धा आईला विसावा नाही, या विचाराने तिला भडभडून आलं होतं, एवढं खरं.

शुक्रवारी पहाटे पियानो वाजला. मोठ्याने, खणखणीत.

अंकल दचकून उठले. खिडकीकडे बघत बसून राहिले. डेलिशाही दारात कान देऊन उभी होती.

गजावर काहीच वाजलं नाही.

"आवाज बदललस?" अंकलनी विचारलं.

डेलिशा हो म्हणाली. जुना बिघडला होता म्हणाली.

"जुनो बरो होतो," एवढंच बोलून ते तोंड धुवायला गेले. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

सुट्टी संपली. डेलिशा मडगावला गेली.

जानेवारीत फोनने आपलं खरं रूप दाखवलं. एका सोमवारी रात्री चार्जिंगला लावून अंकल झोपले. उठले तेव्हा ऊन गादीवर आलं होतं. फोन बंद पडलेला. एसटी केव्हाच गेली होती.

डेलिशाला सांगितलं नाही. कशाला तिच्या जिवाला घोर.

शुक्रवारी फोन चालू होता. पण घड्याळ मध्यरात्रीवरच अडकलं होतं. पडदा दाबला तरी हलेना. तीही एसटी गेली. दवाखान्यातून निरोप आला, आता पुढच्या मंगळवारी या.

मामांना सांगितलं असतं तर मामा रोज येऊन उठवून गेले असते. पण अंकल भिडस्त. दुसऱ्याची झोप कशाला मोडायची.

पाय सुजले. रविवारी चर्चमध्ये मिसाला जाता आलं नाही. सोमवारी आडवं पडलं की श्वास कोंडायला लागला. तरी म्हणाले, उद्या जायचंच आहे.

आणि ती मंगळवारची पहाट.

गडग्याच्या अलीकडे दत्ताराममामा गाढ झोपले होते. त्यांना जाग आली ती एका आवाजाने.

टिंग...

मामांना वाटलं, मांजर.

टिंग... टिंग...

त्यांच्याच खिडकीचा गज. डोक्याशी, अगदी जवळ. त्यांनी विचारलं, "कोण आसा?"

पण आवाज थांबेना. कोणीतरी घाईला आल्यासारखा वाजतच राहिला.

मामा उठून बसले. काचेच्या पलीकडे कोणीच नव्हतं. गज मात्र...

गज थरथरत होता.

मामांनी खिडकी उघडली आणि आवाज एकदम बंद झाला. समोर सोकोरो अंकलचं घर. मंगळवारी या वेळेला तिथे दिवा लागलेला असायला हवा होता.

आज काळोख होता.

मामा चप्पल न घालताच धावले. दाराची कडी आतून लागलेली. खांदा देऊन दार उघडलं. अंकल खाटेवरून अर्धे खाली लोंबकळत होते. ओठ काळेनिळे. छातीत घरघर. उशाशी फोन बंद.

मामांनी रिक्षा काढायला लावली आणि त्यांना दवाखान्यात पोचवलं. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं.

दोन दिवसांनी अंकल बोलायला लागले. डेलिशा येऊन बसली होती. स्पीकरची गोष्ट तिने तेव्हा त्यांना सांगितली. खिडकीशी आपण काय बोललो, ते मात्र सांगितलं नाही. ते तिने पुढे फक्त मामांना सांगितलं.

मामांनीही आपल्या गजावर काय वाजलं ते सांगितलं. लपवण्यासारखं त्यात काय आहे, असं त्यांना वाटलं. साक्षात कार्मेलिनने जीव वाचवला. ऐकून बरं वाटेल.

अंकल छताकडे बघत ऐकत होते. मग त्यांनी मामांचा हात धरला.

"तुझ्या खिडकीर इली?"

मामा हो म्हणाले.

"मगे माका कित्याक उठवल्यान नाय रे?"

डेलिशा उठून बाहेरच्या बाकावर जाऊन बसली.

अंकल घरी आले. डेलिशाने चांगल्यातला फोन आणला. त्यांनी तो खोक्यातून काढलाच नाही. तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी मामाच गडगा ओलांडून जातात आणि त्यांना उठवतात. एकही दिवस चुकलेला नाही.

गेल्या महिन्यात मी मामांकडे गेलो होतो, तो सोमवार होता. मुक्काम करायचा बेत होता. दुपारी मथुरामामीने मला स्वयंपाकघरात बोलावलं. तिने आता माजघरात झोपायला सुरुवात केली आहे, असं म्हणाली. त्या खिडकीच्या खोलीत तिला झोप लागत नाही.

मी कारण विचारलं.

ती म्हणाली, तुझे मामा जन्मात कधी ऊन वर आल्याशिवाय उठले नाहीत. घरात गजराचं घड्याळ नाही. फोन ते रात्री बंद करून ठेवतात.

मग मंगळवारी, शुक्रवारी त्यांना...

बोलता बोलता मामी चुलीकडे वळली.

मी पिशवी भरली. संध्याकाळच्या एसटीने निघतो म्हणालो. मामा फाट्यापर्यंत सोडायला आले. वाटेत मी त्यांना सरळच विचारलं. ते चालत राहिले. पलीकडे सोकोरो अंकल पडवीत बसले होते, त्यांनी हात केला. मामांनीही केला.

एसटी आली तेव्हा मामा हळूच म्हणाले, "सोकोरोक सांगा नको हां. तेका वायट वाटतला."