टाकीला झेंडूची माळ

खंडेनवमीला सकाळी सव्वाआठ वाजता चाकणच्या एका प्रयोगशाळेतून अशी किंकाळी निघाली, की तळेगाव फाट्यावरचा भरलेला कंटेनर आपोआप रिव्हर्समध्ये गेला. खोटं वाटत असेल तर ड्रायव्हरला विचारा. अजून पुढे यायला तयार नाही.

किंकाळी विजयश्रीची. निगडी प्राधिकरणातली, उंदरांवर पीएचडी करणारी. समोर तिची चाचणीची गोल टाकी – गळ्यात झेंडूची माळ, काठावर हळदकुंकू, शेजारी पाच उदबत्त्या. आणि त्या धुरात हात जोडून उभा असलेला एक उंच तरुण.

“कोण तुम्ही?”

“समाधान. मेंटेनन्स. परवाच लागलो, चिखलीहून येतो... पेढा घ्या, मॅडम.”

“पेढा? अहो, ही काय लेथ मशीन आहे?”

“राबते ना वर्षभर? सगळ्या मशीनची पूजा झाली. हिचीच राहिली तर वाईट दिसतं.”

विजयश्रीच्या नाकाचा शेंडा लाल झाला. समाधानला तो फार आवडला. पण जीव कुणाला प्यारा नसतो? त्याने नजर बुटांकडे वळवली.

“बावीस महिने सांभाळलेत मी हे उंदीर! म्हणजे आपल्याकडचे सत्तरीचे आजोबा. निम्म्यांच्या अंगात माणसाला म्हातारपणी सगळं विसरायला लावणारा जीन आहे. पाण्याखाली लपवलेली फळी भिंतीवरच्या खुणा बघून शोधायची, हे आठवडाभर शिकवलं त्यांना. आज अकराला फळी काढायची आणि कुणाला जागा आठवते ते बघायचं. एकदाच! आणि तुम्ही... खुणेचा त्रिकोणच काढून तोरण बांधलंत?”

“खिळा एकच होता, मॅडम.”

“उंदीर बिथरतात वासाने! सगळं पाण्यात गेलं माझं!”

“पावणेतीन तास आहेत अजून. तुम्ही रागवत राहा, मी कामाला लागतो.”

त्याने त्रिकोण त्याच खिळ्याला लावला. टाकी रिकामी करून घासली, पुन्हा भरली, पाणी हवं तेवढं कोमट केलं. पंखे असे सोडले, की खोलीतली हवा थेट लोणावळ्यात निघाली. विजयश्री कोपरान् कोपरा हुंगत फिरली. शेवटी थांबली ती त्याच्या बाहीपाशी.

“इथे... अजून येतोय वास.”

“शर्टाला असेल.”

दोघंही क्षणभर हलली नाहीत.

“मग बाहेर व्हा ना!” ती ओरडली. जरा उशिराच.

अकरा वाजता तो काचेपलीकडून बघत होता. पहिला म्हातारा सरळ फळीच्या जागी पोहत गेला आणि तिथेच घुटमळला. दुसरा, जीनवाला, टाकीच्या कडेने नुसता गोल... गोल... गोल. संध्याकाळपर्यंत असंच चाललं. ज्यांना आठवायला हवं होतं, त्यांना आठवलं.

चाचणी वाचली होती. तरी ती बाहेर आली ती डोळे पुसतच.

“आता कसला राग, मॅडम?”

“त्या जीनचा! अख्खा जन्म जमवलेलं पुसून टाकतो मेला... त्याला कुणी विचारलं होतं?”

समाधानने रुमाल पुढे केला. तेवढ्यात तिचे गाईड हरिहर सरांचा फोन. निकाल झकास आलाय, मग रिपोर्टमध्ये झेंडूचं कशाला लिहिता?

“कशाला म्हणजे? घडलं ते लिहिणार!” तिने फोन आपटला. मग एकदम हळू आवाजात म्हणाली, “पण... तुमचं नाव येईल.”

“येऊ द्या. माळ मीच घातली.” त्याने रिपोर्टच्या कागदावर सही केली, खाली मोबाईल नंबर लिहिला. “कधीही रागवावंसं वाटलं, तर.”

तिने कागद ओढून घेतला. नाकाचा शेंडा पुन्हा लाल.

“घरी कोण कोण असतं?”

“हे लागतं रिपोर्टमध्ये?”

“नाही लागत!” ती कडाडली. “माझ्या आईला सांगायला लागतं!”