तेरा तास चाळीस मिनिटं

लेकीच्या शहरापासून घरापर्यंत अकरा हजार किलोमीटर, विमानाने तेरा तास चाळीस मिनिटं. शिवणाच्या काकूंना हे पाठ होतं. इंचाच्या हिशेबात त्यांनी उभ्या आयुष्यात चूक केली नव्हती, पण घड्याळांचा हिशेब त्यांच्या डोक्यावरून जायचा. विमान तिकडून पहाटे चारला सुटणार; तिकडचं घड्याळ आठ तास मागे, म्हणजे इथली वेळ काढायला आठ मिळवायचे. काकूंनी ते वजा केले आणि विमान सकाळी नऊ चाळीसला उतरणार, असं ठरवून मोकळ्या झाल्या.

लेक सहा वर्षांनी येत होती. मापाच्या वहीतून तिची मापं काढून काकूंनी निळा ड्रेस शिवून खुंटीला लावला होता. बरोबर नऊ चाळीसला दार वाजलं. दारात लेक. विमान उतरायच्या वेळेलाच ही घरी कशी, हे काकूंना सुचलंसुद्धा नाही.

"सामान कुठंय गं?"

"मागून येतंय."

काकूंनी तिला घट्ट जवळ घेतलं. अंग गारठलेलं होतं. ड्रेस घालून बघितला तर सूतभरही इकडेतिकडे नाही. मग ती लहानपणासारखी मशीनपाशी बसली आणि, आईला आताशा दिसत नाही म्हणून, एकेक सुई घेऊन दोरा ओवत राहिली. इतकं सुख त्यांना कितीतरी वर्षांत मिळालं नव्हतं.

साडेअकराला फोन वाजला.

"आई, विमानात बसतेय बघ! तेरा तास चाळीस मिनिटं, की आलेच. झोप तू, टॅक्सी करून येते."

काकूंनी फोन कानाशी धरूनच मशीनकडे पाहिलं. मशीनपाशी बसलेलीने ओठांवर बोट ठेवलं.

"तिला सांगू नकोस..."

फोन ठेवून काकू कशाबशा म्हणाल्या, "तू... कोण गं?"

"तुझीच... तू बोलावलंस त्या वेळेला आले."

काकूंनी डोळे मिटले, उघडले. स्टूल रिकामं. ड्रेस खुंटीला होता, अजून गार. टाचणउशीवरच्या सगळ्या सुयांत दोरे ओवलेले.

पहाटे लेक आली, दोन बॅगा ओढत. अंगाने भरलेली, कानाशी चार केस पांढरे. मायलेकी गळ्यात पडून रडल्या. निळ्या ड्रेसची चेन काही केल्या वर जाईना.

"अगं आई, हे माप कधीचं! सैल करून ठेव, पुढच्या वेळी नेईन."

पंधरा दिवस हसण्या-भांडण्यात भुर्रकन गेले. लेक परत गेली आणि घर खायला उठलं. शिलाई उसवायला काकूंनी तीनदा कात्री उचलली, तीनदा ठेवली; ड्रेस तसाच खुंटीला. शिवणीत दोन बोटं कापड होतं, सैल करणं हातचा मळ.

चौथ्या दिवशी कात्री ठेवून त्यांनी पेन्सिल घेतली. तिकडून पहाटे चारला विमान सुटतं. आठ तास वजा. या वेळी समजून उमजून. त्यात तेरा तास चाळीस मिनिटं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दोन कप काढले. नऊ चाळीसला एक मिनिट होतं. सहज खुंटीकडे पाहिलं, तर ती रिकामी होती.

दार वाजलं.

काकूंना भीती वाटली, खोटं कशाला बोला. तरी दार उघडण्याआधी त्यांनी आरशात बघून केस सारखे केले.